मांजरीचे बाळंतपण : हात केव्हा लावावा, केव्हा लावू नये

गाय व्यायला झाली म्हणजे आपल्या गावात अख्खे घर जागे राहते. चुलीवर पाणी तापत ठेवतात, शेजारचा जाणता माणूस गोठ्यात येऊन बसतो आणि वार पडेपर्यंत कोणी झोपत नाही. मांजरीच्या वाट्याला असले काही येत नाही. ती दोन दिवस दिसेनाशी होते, मग एके सकाळी पोट खपाटीला गेलेली अशी ओरडत दाराशी येते, आणि आठ-पंधरा दिवसांनी माळ्यावरून बारीक आवाज येऊ लागले म्हणजे घरच्यांना कळते, की भाटी व्याली.

बहुतेक वेळा हे असेच ठीक असते. मांजरीला सुईण लागत नाही. पण बहुतेक वेळा म्हणजे प्रत्येक वेळा नव्हे. हा फरक आम्ही गेल्या वर्षी तीन पिल्ले गमावून शिकलो. तो आमच्या शेतकरी बंधुभगिनींना फुकट शिकता यावा म्हणून हा लेख.

आमच्या हातून झालेली चूक

आमच्या निवासाच्या मागे तांदळाची पोती ठेवण्याची खोली आहे. खानापूर भागातला पाऊस आपणांस ठाऊक आहे. आषाढ लागला की शेतातले उंदीर घरात येतात. म्हणून एक करड्या रंगाची भाटी आम्ही पाळली. गेल्या आषाढात ती प्रथमच गाभण होती. एका संध्याकाळी तिला कळा लागल्या आणि आठच्या सुमारास पहिले पिल्लू झाले. आनंदाच्या भरात आम्ही शेजारची मुले बोलावली. मुले बॅटरी घेऊन आली, वाकून वाकून पाहू लागली. मांजरी उठली आणि पिल्लू तोंडात धरून कपाटाखाली गेली. आम्ही तिला पुन्हा खोक्यात आणून ठेवले. ती पुन्हा गेली, आम्ही पुन्हा आणले. तिच्या कळा थांबल्या.

रात्री बाराला ती परत कुंथू लागली. अर्धा तास झाला, तास झाला, पिल्लू येईना. आम्ही डॉक्टरांना फोन करावा काय, असे म्हटले, तेव्हा आमच्या येथे स्वयंपाक करणाऱ्या मावशी हसून म्हणाल्या, “फादर, मांजराला कधी कुणी सुईण लावलीय का? सोडा तिला, सकाळपर्यंत मोकळी होईल.” आम्हांलाही ते पटले आणि आम्ही झोपलो.

सकाळी पाहतो तो एक पिल्लू अर्धे बाहेर येऊन अडकलेले, मेलेले. मांजरी अंग टाकून पडलेली. तिला टोपलीत घालून शहरातील जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी ते पिल्लू काढले. मागची दोन्ही मेलेलीच निघाली. चारांतील एक आणि आई वाचली. हात धुता धुता डॉक्टर म्हणाले, “फादर, आठ वाजता गर्दी हटवायला हवी होती आणि साडेबाराला मला फोन करायला हवा होता. तुम्ही नेमके उलटे केलेत.”

पुढे जे लिहिले आहे ते सगळे या एका वाक्याचा विस्तार आहे.

गाभण आहे हे कसे ओळखावे

मांजरीचे दिवस साधारण ६३ ते ६५ भरतात. चार-पाच दिवस मागे-पुढे होणे काही वावगे नाही. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सड गुलाबी होऊन किंचित वर येतात. पाचव्या आठवड्यानंतर पोट दिसू लागते. पोट दाबून पिल्ले मोजण्याचा प्रयत्न कोणी करू नये. ते काम डॉक्टरांचे.

या काळात तिला नुसता दूधभात पुरत नाही. मांजर हा मांसाहारी प्राणी आहे. तिच्या शरीराला लागणारे टॉरिन नावाचे द्रव्य भातात किंवा भाकरीत नसते, ते मांस-मासळीतूनच मिळते. ते कमी पडल्यास पिल्ले कमी होतात, अशक्त होतात किंवा मेलेली जन्मतात. बांगड्याची डोकी उकडून, मोठे काटे काढून द्यावीत. उकडलेले अंडे, कोंबडीचे काळीज थोडे द्यावे. खारवलेली सुकी मासळी तशीच देऊ नये. शेवटच्या दिवसांत पोट भरलेले असल्याने तिला एका वेळी फार खाववत नाही, म्हणून थोडे थोडे चार-पाच वेळा घालावे.

औषधांविषयी मात्र कडक राहावे. गाईम्हशींचे किंवा शेळ्यांचे जंताचे औषध अंदाजाने पाजू नये. त्यांतील काही औषधे गर्भाला बाधतात. गुरांच्या गोचिडांवर मारावयाचे औषध मांजरीच्या अंगाला लावू नये. त्यांतील पुष्कळशी औषधे कुत्र्याला सोसतात, पण मांजराला सोसत नाहीत. तापावरची आपली पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. शेतात झिंक फॉस्फाईडचे आमिष टाकले असेल, तर ते खाऊन मेलेले उंदीर रोज सकाळी उचलून खोल पुरावेत. असा उंदीर मांजरीने खाल्ला तर ती आणि पोटातली पिल्ले दोन्ही जातात.

जागा व खोका

दिवस भरण्याच्या आठवडाभर आधी खोका तयार ठेवावा. दोन फूट लांब व दीड फूट रुंद असा पुठ्ठ्याचा खोका पुरतो. एक बाजू पाच-सहा इंच उंची ठेवून कापावी, म्हणजे आईला पाय घालता येतो आणि पिल्ले बाहेर गडगडत नाहीत. तळाशी वर्तमानपत्रांचे थर व त्यावर जुने धुतलेले सुती कापड घालावे. गोणपाट नको, त्यात पिल्लांची नखे अडकतात. खताचे किंवा औषधाचे रिकामे पोते तर मुळीच नको. जमीन फिनेलने पुसू नये. फिनेल व पाण्यात टाकल्यावर पांढरी होणारी तशाच वासाची जंतुनाशके मांजरांना विषारी असतात. साबणाचे पाणी पुरेसे आहे.

जागा अंधारी, कोरडी, वर्दळ नसलेली आणि बोक्याला शिरता न येणारी असावी. परका बोका कधी कधी पिल्ले मारतो. एवढे करूनही तिने आपल्याच पसंतीने भाताच्या कणगीमागची जागा निवडली, तर आपण हार मानावी आणि कापड तिकडे नेऊन अंथरावे.

आणखी एक शत्रू आपण विसरतो, तो म्हणजे मुंगी. रक्ताच्या वासाने मुंग्या येतात आणि नवजात पिल्लाला फोडून काढतात. ज्या स्टुलावर किंवा बाजावर खोका ठेवाल, त्याच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात. आपल्या आज्या दुभत्याच्या कपाटाला ठेवीत, तशाच. मुंग्यांची पावडर किंवा खडू तेथे वापरू नये.

जवळ एवढे असावे : चार-पाच स्वच्छ जुने टॉवेल, उकळलेली कात्री, उकळलेला शिवणाचा दोरा, पोव्हिडोन आयोडिन, गरम पाण्याची बाटली, भिंतीवर चालू घड्याळ आणि कागद-पेन्सिल. डॉक्टरांचा फोन क्रमांक त्याच कागदावर आधी लिहावा. गुराढोरांसाठी १९६२ या क्रमांकावर सरकारी फिरता दवाखाना बोलावता येतो. पण मांजरीसाठी त्यावर विसंबू नये. रात्री फोन उचलणारे डॉक्टर कोण, हे आठवडाभर आधीच विचारून ठेवावे.

कळा

पहिली अवस्था मुकी असते. मांजरी खाणे सोडते, खोक्यात जाते, बाहेर येते, कापड उकरते, मागची बाजू चाटते, घुरघुरते, कधी धापा टाकते. एखादी आपल्या पायांत घोटाळते, एखादी तोंड लपवते. हे ६ ते २४ तास चालते. या वेळी आपले काम एकच : दिवा मंद करावा, मुलांना झोपवावे आणि गप्प बसावे. ती आपल्या जवळ राहू पाहत असेल तर बसावे. दूर जात असेल तर जाऊ द्यावे. घाबरलेली मांजरी कळा थांबवू शकते. रानात शत्रूची चाहूल लागली तर पळता यावे, म्हणून तिची ही सोय आहे. आमच्या बॅटरीने तेच केले होते.

दुसऱ्या अवस्थेत कुंथणे स्पष्ट दिसते. पोट आवळते, अंग ताठते. येथे घड्याळाकडे पाहून वेळ लिहावी. जोराच्या कळा सुरू झाल्यावर पिल्लू बहुधा लवकर येते. पाणमोट आधी दिसते, मग पिल्लू. डोक्याऐवजी मागचे पाय आधी आले तर घाबरू नये. गाईत ते अडचणीचे असते, पण मांजरीत दहांतील चार पिल्ले अशीच येतात आणि सुखरूप येतात.

आई पाणमोट फाडते, पिल्लाला खरखरीत जिभेने जोरजोराने चाटते आणि नाळ तोडते. हे चाटणे पाहून आपल्याला वाटते, ती त्याला दुखवते आहे. तसे नाही. त्यानेच पिल्लू श्वास घेऊ लागते. प्रत्येक पिल्लामागे एक वार पडते. ती आईने खाल्ली तर खाऊ द्यावी, पण कागदावर रेघ मारावी. जितकी पिल्ले तितक्या वारा आल्या पाहिजेत. कधी दोन पिल्ले पाठोपाठ येतात आणि दोन्ही वारा मागून पडतात. वार ओढून काढू नये.

पुढचे पिल्लू दहा मिनिटांत येईल किंवा तासाने येईल. काही मांजरी मध्येच विसावा घेतात. आलेल्या पिल्लांना पाजतात, खातात, झोपतात आणि कित्येक तासांनी, क्वचित दुसऱ्या दिवशी, उरलेली पिल्ले देतात. आई शांत असेल, कुंथत नसेल, तर हा विसावा चांगला. आई बेचैन असेल, तर तो विसावा नव्हे.

सुईणीचे काम

हात लावण्याचे प्रसंग मोजके आहेत.

पिल्लू पाणमोटेत गुंडाळलेलेच राहिले आणि आईने मिनिटभरात ती फाडली नाही, तर आपण थांबू नये. नाकाजवळ बोटांनी पापुद्रा फाडावा, तोंड-नाक कापडाने पुसावे, पिल्लाचे डोके किंचित खाली ठेवून टॉवेलने अंग चोळावे. चांगले चोळावे, गोंजारू नये. पूर्वी लोक पिल्लू मुठीत धरून झोका देत. त्याने डोक्यास इजा होते, म्हणून आता डॉक्टर तसे करू नका म्हणतात. पंधरा-वीस मिनिटे चोळूनही जीव धरलेली पिल्ले असतात. लगेच आशा सोडू नये. ओरडले की आईच्या तोंडापाशी द्यावे.

आईने नाळ तोडली नाही, तर पोटापासून इंचभर अंतरावर दोऱ्याची गाठ मारावी, गाठीच्या पलीकडे कात्रीने कापावे व टोकाला आयोडिन लावावे. नाळ पिल्लाच्या पोटाकडून ओढली जाता कामा नये. त्याने बेंबी फुटते.

पिल्लू अर्धे बाहेर येऊन अडकले आणि डॉक्टर दूर असले, तर हात साबणाने धुवावेत, पिल्लाला ओल्या स्वच्छ कापडाने धरावे आणि कळ येईल तेव्हाच, तिच्या मागच्या पायांकडे, खालच्या दिशेने हलके ओढावे. कळ थांबली की आपणही थांबावे. एकच पाय किंवा डोके धरून ओढू नये. दोन-तीन कळांत आले नाही, तर पुढे आपली ताकद वापरू नये.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. म्हैस पान्हा सोडीना म्हणून काही गोठ्यांत जे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन लपवून ठेवलेले असते, ते मांजरीला कोणी टोचू नये. पिल्लू अडकलेले असता ते दिले तर गर्भाशय फाटते.

डॉक्टरांना केव्हा बोलवावे

पुढील ओळी कापून भिंतीवर लावाव्यात :

जोराच्या कळा सतत येऊन २० ते ३० मिनिटे झाली व पिल्लू आले नाही.

पिल्लू अर्धे बाहेर येऊन १० मिनिटे झाली.

आत पिल्ले आहेत, आई बेचैन आहे, आणि मागचे पिल्लू येऊन २ तास झाले.

पहिली लक्षणे दिसून २४ तास उलटले, पण पिल्लू नाही; किंवा गाभणपणाचे ७० दिवस झाले.

ताजे लाल रक्त वाहते आहे व थांबत नाही, किंवा स्रावाला घाण वास येतो.

व्यायल्यावर आई निपचित पडली, अंगाला कंप सुटला, ताप आला, किंवा पिल्लांकडे पाहीना. कंप हे रक्तातील कॅल्शियम उतरल्याचे लक्षण असू शकते. त्यात तासाचाही उशीर करू नये.

यांतले एकही दिसले तर रात्र आहे, पाऊस आहे, मांजरच तर आहे, असे म्हणू नये. आम्ही म्हटले होते.

पुढचे आठ आठवडे

जन्मलेले पिल्लू साधारण १०० ग्रॅमचे असते. स्वयंपाकघरातील लहान काट्यावर रोज एकाच वेळी तोलावे. दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढले पाहिजे. ओळीने दोन दिवस वजन घटले, तर दूध पुरत नाही किंवा आजार आहे असे समजावे. पहिला चीक पहिल्या दिवशीच पोटात गेला पाहिजे. त्यातच रोगाशी झगडण्याची शक्ती असते. गाईच्या चिकाविषयी हे आपण जाणतोच.

पहिल्या आठवड्यात पिल्लाला स्वतःची ऊब राखता येत नाही. पावसाळ्यात कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली खोक्याच्या एकाच बाजूस ठेवावी, म्हणजे जास्त झाल्यास त्यांना सरकता येईल. पिल्लू गार लागले तर आधी ऊब द्यावी, मग दूध. गार पिल्लाला दूध पचत नाही.

आई नसलेल्या पिल्लाला गाईचे दूध देऊ नये, त्याने हगवण लागते. दुकानांत मांजराच्या पिल्लांसाठी दुधाची भुकटी मिळते. ती दर दोन-तीन तासांनी, पिल्लाला पोटावर ठेवून पाजावी. तान्ह्या मुलासारखे उताणे धरले तर दूध छातीत जाते. पाजल्यावर कोमट ओल्या कापसाने शेपटीखाली पुसावे, कारण आईच्या चाटण्याशिवाय त्याला शी-शू होत नाही. त्याच सुमारास शेजारी एखादी भाटी व्याली असेल, तर तिच्या पिल्लांत हे मिसळून पाहावे. पुष्कळदा ती घेते.

मांजर पिल्लांना सात घरे फिरवते असे आपण म्हणतो. त्याचे कारण आपणच असतो. सारखे पाहणे, उचलणे, खोका हलवणे यांमुळे तिला जागा धोक्याची वाटते. दिवसातून एकदा तोलण्यापुरते हाताळावे, तेही आई जेवत असता. डोळे सात ते चौदा दिवसांत उघडतात, ते ओढून उघडू नयेत. चौथ्या आठवड्यात मऊ खाणे दाखवावे आणि आठ आठवडे होईपर्यंत पिल्लू आईपासून तोडू नये.

घरातील माणसांसाठी

कळांच्या भरात मांजरी चावली किंवा ओरबाडली, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. हळद, चुना, तिखट लावू नये. मांजराकडूनही रेबीज होतो. मांजरांना त्याची लस टोचून घ्यावी.

घरात गरोदर बाई असेल, तर मांजराची विष्ठा दुसऱ्याने काढावी, आणि ती रोज काढावी. विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचे जंतू येऊ शकतात आणि ते पोटातील बाळाला बाधतात. विष्ठा बाहेर पडल्यावर त्यांना रोग देण्याइतके तयार व्हायला एक दिवस तरी लागतो, म्हणून रोजची सफाई महत्त्वाची. मातीत काम केल्यावर हात धुवावेत आणि मटण पूर्ण शिजवावे. एवढी काळजी घेतली तर सून गरोदर आहे म्हणून मांजर हाकलून देण्याचे कारण नाही.

यंदाची गोष्ट

यंदा मार्चच्या अखेरीस आमची तीच भाटी पुन्हा व्याली. डॉक्टरांना आधी कळवून ठेवले होते, कारण एकदा अडलेली पुन्हा अडू शकते. रात्री नऊला कळा लागल्या. दिवा कोपऱ्यात ठेवला, दार लोटले. मावशी व आम्ही स्टुलावर बसलो. साडेनऊला पहिले, दहाला दुसरे. तिसरे आले तेव्हा आई दुसऱ्याला चाटण्यात गुंतलेली, आणि हे पाणमोटेत तसेच पडलेले. मावशींनी आमच्याकडे पाहिले. आम्ही घड्याळाकडे पाहिले. मिनिट झाल्यावर मावशींनीच पापुद्रा फाडला आणि टॉवेलने चोळू लागल्या. आठ मिनिटांनी ते ओरडले. चौथे पावणेबाराला आपोआप आले. चार पिल्ले, चार वारा. त्या रात्री आमच्या दोघांच्या हातून एवढे एकच काम झाले.

जूनमध्ये पिल्ले चार घरी गेली आणि आईचे गर्भ न राहण्याचे ऑपरेशन करून घेतले. पाजत असतानाही मांजरी पुन्हा गाभण राहू शकते, आणि तिची लेक चार-सहा महिन्यांची झाली की तीही. मग पिल्ले पोत्यात घालून बाजारात सोडण्याची पाळी येते. ऑपरेशन केलेली भाटी उंदीर मारत नाही असे पुष्कळ लोक म्हणतात, ते खरे नाही. आमची रोज रात्री तांदळाच्या खोलीत असते. परवा सकाळी मावशींच्या चपलेवर दोन उंदीर आणून ठेवले होते.